गुरुजी, महासभा म्हणजे जनसंघ नव्हे

गुरुजी, नमस्कार.

हिंदू महासभेवरच्या माझ्या लेखावर तुम्ही खानापूरहून एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं असं: महासभा, संघ, जनसंघ हे एकाच माळेचे मणी, त्यांत फरक करणं म्हणजे निव्वळ कीस पाडणं; बेळगावचा या पक्षाशी संबंध मी ओढूनताणून जोडला; आणि १९४८ चं गांधीहत्येचं प्रकरण दोन ओळींत उरकलं.

शेवटचं आधी घेतो, कारण ते खरं आहे. नथुराम गोडसे पुण्यातला महासभेचा कार्यकर्ता होता. सावरकर त्याच खटल्यात आरोपी होते, फेब्रुवारी १९४९ मध्ये न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं. गांधीहत्येनंतर कोल्हापूर-सांगलीकडे ब्राह्मणांची घरं जाळली गेली. हे सगळं लेखात यायलाच हवं होतं. मी टाळलं, कारण ते माझ्या घरापर्यंत येतं.

माझे आजोबा महासभेचे. राहायला बेळगावला लागून असलेल्या शहापुरात, म्हणजे तेव्हाच्या सांगली संस्थानात. त्यांची पत्र्याची ट्रंक आता माझ्याकडे आहे आणि तिच्यात तळाला एक भगवा ध्वज आहे. सावरकरांनी ठरवलेला, कृपाण आणि कुंडलिनीवाला. आजीनं तो हातानं भरायला घेतला होता. कुंडलिनी पुरी झालीय, कृपाणाचं पातं निम्म्यावर थांबलंय. तिथं सुई तशीच टोचलेली राहिली, ती गंजली आणि कापडावर तांबूस डाग पडला. ३० जानेवारीची बातमी आली आणि आजोबांनी तो सुईसकट घडी करून ठेवून दिला, असं आजी सांगायची. पुढं पंधरा दिवसांत पक्षानंही राजकारण थांबवायचं ठरवलं. नंतर पक्ष पुन्हा उभा राहिला, ध्वज मात्र ट्रंकेतून निघाला नाही.

आता बेळगावचा संबंध. डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष. गंगाधरराव देशपांड्यांनी सगळी उभारणी केलेली. त्या अधिवेशनासाठी खणलेली काँग्रेस विहीर आपण आजही बघतो. त्याच दिवसांत इथंच महासभेचंही अधिवेशन झालं, अध्यक्ष मदनमोहन मालवीय. हे मालवीय आधी दोनदा काँग्रेसचे अध्यक्ष होऊन गेलेले! दोन मांडवांतली माणसं तेव्हा एकमेकांना परकी नव्हती. आणि एप्रिल १९५० मध्ये, पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली खान दिल्लीला येणार म्हणून सावरकरांना अटक झाली, तेव्हा त्यांना ठेवलं कुठं? बेळगावच्या तुरुंगात. वर्षभर राजकारणात भाग घेणार नाही असं लिहून दिल्यावर जुलैत सुटका झाली. मी काही ओढून आणलं नाही, गुरुजी. ते इथंच घडलं.

आणि 'एकाच माळेचे मणी'? श्यामाप्रसाद मुखर्जी महासभेचे अध्यक्ष होते. पक्षाची दारं सगळ्या धर्मांच्या लोकांना उघडावीत, असं त्यांचं म्हणणं; ते मान्य झालं नाही, ते बाहेर पडले. २१ ऑक्टोबर १९५१ ला दिल्लीत जनसंघ निघाला. पहिल्या लोकसभेत महासभेचे ४ खासदार, जनसंघाचे ३. म्हणजे थोरला पक्ष अजून पुढंच होता. पण जनसंघाला संघाची माणसं मिळाली, ती महासभेला सावरकरांच्या काळातही मिळाली नव्हती. संघानं महासभेच्या निवडणुकांपासून स्वतःला दूर ठेवलं होतं, आणि तो राग महासभेच्या जुन्या लोकांच्या मनात शेवटपर्यंत होता. आजोबांच्याही होता. हा फरक तुम्हाला कीस वाटतो, त्यांचं मात्र अर्धं आयुष्य त्यात गेलं.

आपल्या भागात महासभा जनसंघात विरघळली नाही. ती सीमाप्रश्नात संपली. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, खानापूर, निपाणी हा मराठी भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. 'हिंदू तितुका मेळवावा' याला इथं काही अर्थच उरला नाही. अन्याय करणारा हिंदू, सोसणाराही हिंदू. मराठी शाळा राहणार का, सातबारा कुठल्या भाषेत मिळणार, यावर महासभेकडं उत्तर नव्हतं. तिकडं संयुक्त महाराष्ट्र समितीत महासभा आणि जनसंघ कम्युनिस्टांच्या मांडीला मांडी लावून बसले. १९५७ ला जनसंघाचे लोकसभेत ४ जण गेले, त्यांतले दोघे धुळे आणि रत्नागिरीचे, समितीच्या लाटेवर. इकडं आमचे आजोबा सायकलवर लाल बावट्याच्या एका कार्यकर्त्याला डबलसीट घेऊन अनगोळ, वडगाव पालथं घालत होते. दहा वर्षांपूर्वी या दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नसतं. मत मागायचं ते समितीसाठी, हिंदुराष्ट्राचं नावही निघायचं नाही. ते बदलले असं मला वाटत नाही. घर जाताना दिसलं की माणूस आधी घर धरतो.

१९४८ चा भाग मी या आठवड्यात लेखात घालतो आहे, ट्रंकेसकट. तुम्ही लिहिलंत की तुमच्या वडिलांनी खानापुरात महासभेच्या सभा ऐकल्या होत्या. त्या कुठं व्हायच्या, बोलायला कोण यायचं, आठवेल तेवढं कळवा. पुढच्या रविवारी मी खानापुरात आहे, चालत असेल तर घरीच येतो.