घड्याळ नव्हतं तेव्हाचे प्रश्न

परवा रात्री झोप येईना म्हणून यूट्यूबवर काहीबाही बघत पडले होते. त्यात २००० सालच्या 'कौन बनेगा करोडपती'चा एक तुकडा समोर आला. कुणीतरी घरच्या टीव्हीवरून कॅसेटवर उतरवलेला, चित्र फिसकटलेलं, आवाज चिरका. हॉट सीटवरच्या माणसाने चारही पर्याय एकदा मोठ्याने वाचले आणि गप्प बसला. समोर अमिताभ बच्चनही गप्प. मागे ते छातीच्या ठोक्यासारखं संगीत. बराच वेळ कुणी काही बोलेना. उत्तर मला माहीत होतं, भाग पंचवीस वर्षांपूर्वीचा होता, तरी मी अंथरुणात श्वास धरून बसले होते.

आणि तेव्हाच कळलं, या जुन्या खेळांमधलं मला नेमकं काय आठवत राहतं ते. बक्षिसं नाहीत, दिवे नाहीत. टीव्हीवर माणूस विचार करताना दिसायचा, ते.

पहिल्या पर्वात प्रश्नाला घड्याळच नव्हतं हे आजच्या मुलांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. पंधरा प्रश्न, हजार रुपयांपासून एक कोटीपर्यंत, तीन लाइफलाइन, आणि डोकं खाजवायला हवा तेवढा वेळ. ती टिकटिक नंतरच्या पर्वांत आली.

पण माझी सुरुवात त्याच्याही खूप आधीची. १९८५ साली दूरदर्शनवर 'क्विझ टाइम' सुरू झालं तेव्हा मी बारा वर्षांची होते. सिद्धार्थ बसू प्रश्न विचारायचे आणि कॉलेजची मुलं उत्तरं द्यायची. सगळं इंग्रजीत. आमच्या घरात इंग्रजी बेतास बात. मला निम्मे प्रश्नच कळायचे नाहीत. तरी आम्ही शटरवाल्या टीव्हीपुढे सतरंजी टाकून बसायचो, कारण बाबा बसायचे. बाबा न्यायालयात कारकून होते. मांडीवर एलआयसीची जुनी डायरी, कानामागे पेन्सिल. त्यांचा एकच नियम होता: उत्तर स्पर्धकाच्या आधी बोलायचं. त्याने सांगितल्यावर "मला येत होतं" म्हटलं की ते मान न वळवता म्हणायचे, "उष्टं उत्तर चालणार नाही."

न आलेले प्रश्न डायरीत उतरायचे. मग ते ऑफिसातून येताना वाचनालयात जाऊन विश्वकोशात शोधून यायचे आणि जेवताना सांगायचे. म्हणजे टीव्हीवर पाच-दहा सेकंदांत संपलेला प्रश्न आमच्या घरी आठवडाभर पुरायचा. गूगलवर राग नाही माझा, मीही दिवसभर तेच करते. पण उत्तर मिळेपर्यंतचा तो आठवडा गूगल देत नाही.

बसूंचं मला काय आवडायचं? ते स्वतः कधी प्रश्नापेक्षा मोठे झाले नाहीत. प्रश्न एकदा, स्वच्छ, शेवटच्या शब्दापर्यंत सारख्याच आवाजात. उत्तर चुकलं तरी चेहऱ्यावर ना हसू ना कीव. पुढचा संघ. आणि गंमत बघा, पंधरा वर्षांनी करोडपतीचा खेळ भारतात आणला गेला तेव्हा कॅमेऱ्यामागे तो उभा करणारे हेच सिद्धार्थ बसू होते. आम्हाला हे फार उशिरा कळलं. बाबा म्हणाले, "तरीच!"

झी टीव्ही १९९२च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला आणि केबलवाल्याने आमच्या चाळीवरून कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांसारख्या वायरी ओढल्या. त्या पहिल्या दिवसांत मोहन कपूरचं 'साँप सीढ़ी' होतं. सापशिडीचा खेळ, त्यात प्रश्न, आणि हा उंच, मिश्कील माणूस. दूरदर्शनच्या शिस्तीत वाढलेल्या आम्हाला पहिल्यांदाच कळलं की प्रश्न विचारणारा चेष्टामस्करीही करू शकतो. २०२२मध्ये मार्व्हलच्या मालिकेत हाच मोहन कपूर नायिकेच्या वडिलांच्या भूमिकेत दिसला. मी सोफ्यावरून ओरडले, "अरे, हा आपला सापशिडीवाला!" घरातल्या कुणालाही मी काय बोलतेय ते कळलं नाही.

बोर्नव्हिटा क्विझ आमच्या आधीच्या पिढीने रेडिओवर अमीन सयानींच्या आवाजात ऐकलं. आम्हाला ते टीव्हीवर डेरेक ओब्रायनसोबत मिळालं. शाळकरी मुलांशी बोलताना हा गृहस्थ कधी बोबडा झाला नाही. मोठ्यांशी बोलावं तसं, त्याच वेगात. आता ते राज्यसभेत बोलायला उभे राहिले की राजकारण बाजूला राहतं आणि मला वाटतं, कुठल्याही क्षणी बझर वाजणार.

अन्नू कपूरच्या 'अंताक्षरी'बद्दल मात्र मी तासभर बोलू शकते. दीवाने, परवाने, मस्ताने. शेजारी कधी रेणुका शहाणे, कधी दुर्गा जसराज, कधी पल्लवी जोशी. (आमच्याकडे पल्लवी गट आणि दुर्गा गट अशी भांडणं होती. मी पल्लवी गट.) अंताक्षरी आपण सगळेच खेळतो. बसमध्ये, लग्नघरात, वीज गेली की. मराठीत खेळताना 'ळ' आला की भांडण ठरलेलं, 'ण' आला की त्याचा 'न' करायचा की नाही यावर दुसरं. असल्या घरगुती खेळाचा तासभराचा कार्यक्रम करायचा, तर सूत्रसंचालकाकडे गाण्यांचं भांडार हवं आणि गळाही. अन्नू कपूरकडे दोन्ही होतं. स्पर्धक चाचपडत एखादी ओळ उचलायचा. तो पट्टी चुकला तर अन्नू कपूर हळूच योग्य सूर लावून त्याला रुळावर आणायचे, आणि कडवं संपलं की गीतकार कोण, संगीतकार कोण, गाणं कुठल्या चित्रपटातलं, हे कागदात न बघता सांगायचे. आमच्या आईला साहिर आणि शैलेंद्र यांतला फरक त्या कार्यक्रमाने शिकवला. गाणी तिला आधीपासून पाठ होती. ती लिहिणारी माणसं कोण होती, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग आली ती ३ जुलै २०००. रात्री नऊ. पहिल्या भागापासून आमच्या गल्लीत नऊनंतर कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं म्हटलं तरी चालेल. अमिताभचे पडते दिवस होते, टीव्हीवर येणं म्हणजे पायरी उतरणं असं लोक उघड म्हणत होते. तो आला आणि समोरच्या अनोळखी माणसाला खुर्चीत बसायला मदत करायला लागला. पाण्याचा ग्लास पुढे केला. हरलेल्या माणसाला दारापर्यंत सोडायला उठला. सूत्रसंचालक हा शब्द मला त्या दिवसापासून अपुरा वाटतो. आपल्याकडे यजमान म्हणतात तो हा.

आमच्याकडे दूरध्वनी होता म्हणून शेजारचे चारजण प्रवेशाचा नंबर फिरवायला आमच्याकडे यायचे. तासन्‌तास एंगेज टोन. बाबांनी कधी फोन लावला नाही. ते आपले डायरी घेऊन बसायचे. आणि त्याच वर्षी मुंबईचा हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला, तो भाग. शेवटचा प्रश्न होता, संसदेच्या कामकाजात भाग घ्यायची मुभा राज्यघटना यांपैकी कुणाला देते? पर्याय पडद्यावर यायच्या आधीच बाबा हळूच पुटपुटले, "महान्यायवादी." आम्ही सगळ्यांनी वळून त्यांच्याकडे बघितलं. ते पडद्याकडेच बघत होते. नवाथेने तेच उत्तर दिलं आणि घरात जो दंगा झाला तो एक कोटीसाठी नव्हता. आईने देवापुढची साखर आणून बाबांच्या हातावर ठेवली. बाबांनी तारीख घालून डायरीत नोंद केली: 'उष्टं नाही.'

तेव्हापासून सगळ्यांना वाटलं की लोकांना पैसा बघायचा आहे. त्याच वर्षी 'सवाल दस करोड का' आलं. बक्षीस दहापट, अनुपम खेर, मनीषा कोइराला. फार टिकलं नाही. गोविंदाचं 'जीतो छप्पर फाड के', अमन वर्माचं 'खुल जा सिम सिम', सगळं बघितलं, मजाही आली, आज त्यातला एक प्रश्न आठवत नाही. नीना गुप्तांचं 'कमज़ोर कडी कौन' वेगळं होतं. ब्रिटनच्या मूळ कार्यक्रमात निवेदिका स्पर्धकांना टोचून बोलायची, म्हणून इथेही तेच. अभिनेत्री उत्तम, पण आई पहिल्याच भागात म्हणाली, "घरी बोलावून टाकून बोलते होय?" आणि चॅनेल बदललं. आपल्याकडे पाहुण्याचा अपमान हा करमणुकीचा विषय होत नाही. निदान तेव्हा होत नव्हता.

आता माझं खरं मत. पटलं नाही तर भांडा.

खेळाला घड्याळ लागलं तेव्हा स्पर्धकाच्या विचार करण्याला लागलं, कार्यक्रमाच्या बडबडीला नाही. प्रश्नाला मोजून सेकंद. पण त्याआधी स्पर्धकाच्या गावाची चित्रफीत, व्हायोलिन, कर्जाचा आकडा, आईचे डोळे, मग सगळ्यांचे डोळे. तासाभराच्या भागात प्रश्न मोजून पाहा एकदा. मी मोजले होते, मग सोडून दिलं, उगाच रक्तदाब वाढतो.

माझा धाकटा भाऊ म्हणतो, "ताई, कार्यक्रम बदलला नाही, तू म्हातारी झालीस." असेल. आणि त्याचा दुसरा मुद्दा तर मला मान्यच करावा लागतो. 'क्विझ टाइम'मध्ये कोण दिसायचं? मोठ्या शहरांतल्या मोठ्या कॉलेजांची मुलं. बाबांसारख्या कारकुनाला त्या बझरपर्यंत पोचायची वाटच नव्हती. करोडपतीने ती वाट केली. २०१९मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या, शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे यांनी एक कोटी जिंकले तेव्हा मीही रडले, व्हायोलिनशिवाय. म्हणजे माणसाच्या गोष्टीला माझी हरकत नाही. ती गोष्ट प्रश्नाच्या आधी कालवून भरवली जाते, त्याला आहे. ताडेबाई उत्तर शोधत असताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसत होतं, त्यात त्यांची सगळी गोष्ट होती की!

आणि 'होम मिनिस्टर'. २००४ साली सुरू झालं तेव्हा झी मराठीचं नाव अजून अल्फा मराठी होतं. मी नाक मुरडायचे. पैठणीसाठी फुगे फोडायचे, उखाणे घ्यायचे, हा काय खेळ? आदेश बांदेकर घरोघरी जायचे, 'वहिनी' म्हणायचे, आणि बघता बघता ते अख्ख्या महाराष्ट्राचे भावोजी झाले. मी माहेरी गेले की आई संध्याकाळी पोळ्या लाटत लाटत ते बघायची आणि मी कोपऱ्यात बसून मुद्दाम मोठ्याने पुस्तकाची पानं उलटायची.

एकदा पडद्यावरच्या बाईंना विचारलं गेलं, लग्नाआधी काय व्हायचं होतं? त्या लाजून हसल्या, पदराशी खेळत राहिल्या. तेवढ्यात ओट्यापाशी आई म्हणाली, "टेलिफोन ऑपरेटर." मला वाटलं ती त्या बाईंचं उत्तर ओळखतेय. आईने लाटणं थांबवलं नव्हतं. "पत्र पण आलं होतं. नागपूरचं. पण तोवर तुझे बाबा बघून गेले होते." मी एकतीस वर्षांची होते. एकतीस वर्षांत मी तिला हा प्रश्न विचारला नव्हता, बाबांनी विचारल्याचं मला ठाऊक नाही, आणि टीव्हीतल्या भावोजींनी दुसऱ्याच कुणाला विचारलेला प्रश्न तिने स्वतःवर घेतला होता. तव्यावरची पोळी करपली. पुढचं तिने काही सांगितलं नाही, आणि मीही लगेच विचारलं नाही. त्या दिवसापासून मी पानं उलटणं बंद केलं.

बौद्धिक खेळ आणि बायकांचा खेळ असा जो भेद मी करत होते, तो तिथे संपला. बसू असोत की बांदेकर, प्रश्न विचारून झाल्यावर समोरच्याला आत उतरायला जागा देता येते की नाही, एवढंच बघायचं असतं. २०२२मध्ये त्याच कार्यक्रमाने अकरा लाखांची पैठणी लावली. आईला विचारलं, बघतेस का? म्हणाली, "एवढी महाग नेसायची कुठे?"

मराठी करोडपती २०१३मध्ये आला. सचिन खेडेकरांचं मराठी ऐकायला म्हणून मी तो बघितला आणि बाबांनाही बसवलं. तोवर त्यांना कमी ऐकू यायचं. प्रश्न वाचून व्हायच्या आत सेकंद पळायला लागायचे. तीन-चार प्रश्नांनंतर त्यांनी डायरी मिटली. "फार घाई आहे यांना," एवढंच म्हणाले.

ती डायरी आता माझ्याकडे आहे. त्यातले बरेच प्रश्न 'क्विझ टाइम'चे आहेत, इंग्रजी शब्द देवनागरीत, जसे ऐकू आले तसे लिहिलेले. एका पानावर मात्र 'सापशिडी' असं लिहून खाली अर्धाच प्रश्न आहे: 'जगातील सर्वात लांब', आणि पुढे काही नाही. बहुतेक वीज गेली असावी. नदी? भिंत? बोगदा? रेल्वे? काही पत्ता लागत नाही.

तर विनंती अशी. कुणाकडे १९९२-९३च्या सुमाराचे 'साँप सीढ़ी'चे भाग कॅसेटवर पडून असतील तर कळवा. बुरशी लागलेली असली तरी चालेल. व्हीसीआरचं मी बघते.