एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: ती काडतुसं खराब नव्हती, पण चूक आमचीही आहे

नमस्कार सर, तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार बघून आधी राग आला, खोटं कशाला बोलू, पण रात्री परत वाचला तेव्हा कळलं की यातली एक गोष्ट सरळ आमच्याच अंगावर येते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की आमच्या शूटिंग रेंजवर चार सेशन केले, अर्धा वेळ रिकाम्या पिस्तुलाने खटखट करायला लावलं, पिस्तुलाची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, बिघडलेली म्हणून सगळ्या गोळ्या खाली डावीकडे जातात, काडतुसं खराब होती तीन वेळा बार उडालाच नाही, आणि वर कोच सगळ्यांसमोर ओरडला.

आधी काडतुसांचं सांगतो. ती खराब नव्हती, डमी होती, म्हणजे आत दारू नसलेली खोटी काडतुसं. कोचने तुमच्या मॅगझिनमध्ये खऱ्या राउंडच्या, म्हणजे गोळ्यांच्या, मधे मधे तीन डमी भरल्या होत्या. कितव्या नंबरला आहेत हे तुम्हाला माहीत नसणं हेच तर ते ड्रिल आहे, कारण माहीत असलं की हात एकदम शहाण्यासारखा वागतो. खरी गोळी सुटते तेव्हा आवाज आणि धक्का यात सगळं झाकलं जातं, डमी आली की नुसतं खट् होतं आणि मग उघड दिसतं की ट्रिगर ओढताना पिस्तुलाचं तोंड आपणहून खाली गेलं. तुमचं तिन्ही वेळा गेलं. धक्का येणार म्हणून हात आधीच त्याला दाबायला जातो, याला फ्लिंच म्हणतात. लाज वाटण्यासारखं काही नाही त्यात, मी स्वतः महिनाभर हात लावला नाही तर पहिल्या मॅगझिनला हेच करतो.

आता आमची चूक. हे ड्रिल देण्याआधी बार नाही झाला तर काय करायचं हे तुमच्याकडून घोटून घ्यायला पाहिजे होतं. पिस्तूल टार्गेटकडेच धरून ठेवायचं, बोट ट्रिगरवरून बाहेर, ३० सेकंद थांबायचं कारण खरं काडतूस कधीकधी उशिरा पेटतं, मग मॅगझिन काढून स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, मागे ओढायची. पहिल्या दिवशी हे सांगितलं होतं, कागदावर तुमची सहीपण आहे, पण सही केली म्हणून हाताला सवय लागत नाही हे मला कळतं. त्यामुळे नवीन माणूस जे करेल तेच तुम्ही केलंत, आत काय अडकलं ते बघायला पिस्तूल आडवं केलंत आणि त्याचं तोंड शेजारच्या लेनकडे वळलं, जिथे एक मुलगी उभी होती. तेव्हा कोच ओरडला. त्या ओरडण्याची माफी मी मागणार नाही, सगळ्यांच्या कानावर मफ्स असतात, तिथे हळू बोलून चालत नाही. माफी त्याच्या नंतरची मागतो. पिस्तूल टेबलावर ठेवून झालं तरी तो दोन मिनिटं सगळ्यांसमोर बोलत राहिला, ते बाजूला घेऊन सांगायचं होतं. त्याच्याशी बोललोय. आणि आता डमी भरायच्या आधी तो बार न होण्याचा सराव पाच वेळा करून घ्यायचा असं ठरवलंय, क्रम चुकला तो आमचाच.

साइटचं मात्र पटत नाही. तुम्ही गेल्यावर तेच पिस्तूल सँडबॅगवर टेकवून मी १० मीटरवर १० राउंड मारले, दुसऱ्या कोचनेही मारले, दोघांचेही मधोमध. उजव्या हाताने मारणाऱ्याच्या गोळ्या खाली डावीकडे गेल्या की बहुतेक वेळा कारण ट्रिगरचा झटका नाहीतर फ्लिंचच असतं. आणि लोकांना वाटतं हात हलतो म्हणून नेम चुकतो. हात थोडा हलणारच हो, अख्खं पिस्तूल सरळ राहून १ मिलिमीटर सरकलं तर भोकही तेवढंच सरकतं. पण या पिस्तुलाच्या दोन साइटमध्ये अंतर साधारण १६ सेंटीमीटर, त्यामुळे मागची जागेवर आणि पुढची १ मिलिमीटर खाली गेली की १० मीटरवर गोळी ६ सेंटीमीटर खाली! म्हणून कोच सारखा फ्रंट साइट फ्रंट साइट करतो, ती स्पष्ट दिसली पाहिजे, टार्गेट धूसर दिसलं तरी चालेल. तुमच्या सांगण्यावरून रिअर साइट वर-उजवीकडे फिरवून दिली असती तर त्या दिवशी तुम्ही खुश झाला असतात, आणि बोट सुधारल्यावर गोळ्या वर उजवीकडे जायला लागल्या असत्या.

राहिलं ते खटखट. तुम्ही लिहिलंय की ड्राय फायरने, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर ओढून, पिस्तूल खराब होतं, यात अर्धं खरं आहे. .२२ रिमफायरमध्ये पिन काडतुसाच्या कडेवर मारते, आत काडतूस नसलं की ती चेंबरच्या कडेवर आपटू शकते म्हणून तिथे आम्ही स्नॅप कॅप, म्हणजे पिनचा मार झेलणारं खोटं काडतूस, घालतो, तुमच्या हातातलं ९ एमएम सेंटरफायर होतं, म्हणजे पिन काडतुसाच्या मधोमध मारते, त्याला तसा त्रास नाही. फ्रंट साइटच्या मागे स्लाइडवर काडतुसाची रिकामी पुंगळी ठेवून ट्रिगर ओढायला लावलं होतं आठवतंय का, पहिल्या दिवशी दर वेळी पडत होती, चौथ्या दिवशी २० पैकी १३ वेळा जागेवर राहिली. हे कोचच्या वहीत आहे, तुमच्या रिव्ह्यूत नाही. गोळ्या कमी दिल्या म्हणता, तर फ्लिंच असताना १०० राउंड मारले की फ्लिंचचाच १०० वेळा सराव होतो, आणि पन्नासेक राउंडनंतर तुमची ग्रिपही सैल पडत होती.

एक सांगायचं राहिलं. तुमचा शेवटचा टार्गेट पेपर ऑफिसात ठेवलाय. खाली डावीकडे आहे खरं, पण सगळी भोकं तळहाताखाली झाकली जातात. चूक एकच आहे आणि दर वेळी तीच होतेय, भोकं विखुरलेली असण्यापेक्षा हे सुधारायला खूप सोपं. रिव्ह्यू काढायची गरज नाही, राहू दे. पेपर न्यायला याल तेव्हा मी स्वतः लेनवर उभा राहतो, आणि डमी भरल्या असतील तर आधी सांगून भरीन, कितव्या नंबरला ते मात्र नाही सांगणार.