सहा मिलिमीटर

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरात पडली. नवरात्रानिमित्त महिलांसाठी फुल बॉडी चेकअप, घरी येऊन रक्त नेणार, आणि खाली लाल अक्षरांत: 'गळ्याची सोनोग्राफी मोफत. थायरॉइड कॅन्सर वेळीच ओळखा.' अर्ध्या तासात अकरा जणींनी नावं दिली. फुकट ते पौष्टिक.

असल्या जाहिराती रोज येतात, त्यांचं काही वाटेनासं झालंय. डोकं फिरलं ते ही कोणी टाकली ते बघून. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी. सोबत लिहिलं होतं, 'सगळ्यांनी करून घ्या गं. माझं वेळेत सापडलं म्हणून मी आज आहे.'

वहिनी फेसबुकवर नाहीत, म्हणून इथे लिहितेय. त्यांच्या तोंडावर हे बोलायची माझी छाती नाही.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्याच्या कंपनीचं चेकअप होतं, बायकोला सवलत होती. तक्रार काही नव्हती. थायरॉइडच्या उजव्या भागात ६ मिलिमीटरची गाठ दिसली. म्हणजे तुरीच्या दाण्याएवढी. हाताला लागणारी नव्हे, गिळताना जाणवणारी नव्हे. सुई घालून पेशी तपासल्या, रिपोर्टमध्ये 'पॅपिलरी कार्सिनोमा' (थायरॉइड कॅन्सरचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) आलं, आणि तीन आठवड्यांत अख्खी ग्रंथी बाहेर.

सोनोग्राफी हेच माझं काम, म्हणून सांगते. गळ्यासाठी जो प्रोब वापरतो त्याला दोन-तीन मिलिमीटरची गाठही दिसते. प्रौढांच्या गळ्यावर सरसकट प्रोब फिरवला तर वेगवेगळ्या अभ्यासांत शंभरातल्या १९ पासून ६८ जणांपर्यंत गाठी सापडल्या आहेत. त्यातल्या बहुतेक साध्या. आणि थोड्या 'कॅन्सर' निघतात, पण कसला कॅन्सर? फिनलंडमधल्या १९८५ च्या एका अभ्यासात दुसऱ्याच कारणांनी वारलेल्या १०१ जणांच्या थायरॉइडच्या अडीच-अडीच मिलिमीटरच्या चकत्या करून पाहिल्या. ३६ जणांत पॅपिलरी कॅन्सर होता. एकालाही जिवंतपणी पत्ता नव्हता. चकत्या आणखी पातळ केल्या असत्या तर आणखी सापडले असते.

म्हणजे हा कॅन्सर शोधायला गेलं की सापडतोच. किती सापडणार हे किती शोधता त्यावर ठरतं.

कोरियाने ते करूनही दाखवलं. दक्षिण कोरियात १९९९ साली सरकारी कॅन्सर तपासणी सुरू झाली. थायरॉइड त्यात नव्हतंच. पण दवाखान्यांनी 'आलाच आहात तर हेही करून घ्या' म्हणून ३० ते ५० डॉलरांत गळ्याची सोनोग्राफी जोडून दिली. २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या पंधरा पट झालं, एका वर्षात ४० हजारांवर माणसं. आणि मरणारे? वर्षाला तीन-चारशे. आधीही तेवढेच, नंतरही तेवढेच. आजार खरोखर पंधरा पट वाढला असता तर मृत्यू थोडे तरी वर सरकले असते की नाही? आणि इतक्यांना वेळीच पकडून फायदा झाला असता तर ते थोडे तरी उतरले असते! रेषा हललीच नाही. जवळजवळ सगळ्यांची ऑपरेशनं मात्र झाली. त्यातल्या सुमारे ११ टक्क्यांना रक्तात कॅल्शियम कमी पडण्याचा त्रास लागला, २ टक्क्यांच्या आवाजाची नस गेली.

११ टक्के वाचायला सोपं आहे. वहिनींच्या घरी पहाटे साडेपाचला गजर होतो. काढलेल्या ग्रंथीची भरपाई करणारी थायरॉक्सिनची गोळी अनशापोटी, मग निदान अर्धा तास चहा नाही. कॅल्शियम त्या गोळीनंतर चार तासांनी, आधी घेतलं तर थायरॉक्सिन अंगी लागत नाही. थायरॉइडच्या मागे डाळीच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या. त्यांचा रक्तपुरवठा इतका नाजूक की अख्खं थायरॉइड काढताना सर्जन कितीही चांगला असला तरी तो तुटू शकतो. मग कॅल्शियम उतरतं. आधी ओठांभोवती मुंग्या, मग बोटांत, मग हाताला पेटका. गेल्या दिवाळीत चकल्या पाडताना वहिनींची बोटं सोऱ्यावरच आखडली. 'माझं हे असंच होतं गं,' म्हणत त्यांनी डब्यातून दोन गोळ्या काढून चावल्या आणि पुढचा घाणा टाकला.

आणि ह्याच वहिनी म्हणतात, माझा जीव वाचला.

सगळी गोम इथे आहे. ज्या गाठीने कधी काही केलंच नसतं ती काढली की माणूस जगतोच, आणि जगला म्हणून उपचाराला दुवा देतो. जितक्या बिनकामाच्या गाठी काढाल तितके 'कॅन्सरवर मात' केलेले लोक वाढतात, आणि तितके जास्त लोक शेजारणीला सांगतात, करून घे. पाच वर्षं जगणारे ९९ टक्के, अशी पाटी मग दवाखान्यांना लावता येते. का नाही जगणार? निम्म्याहून जास्त जणांना मारणारं काही नव्हतंच!

हो, काहींचा पसरतो, काही जण मरतात. मान्य. पण सगळ्यात जीवघेणा अ‍ॅनाप्लास्टिक प्रकार आठवड्यांत वाढतो. तो वर्षातून एकदाच्या पॅकेजमध्ये सापडायची वाट बघत बसत नाही.

बघत बसणं म्हणजे हयगय, असंही म्हणतील कोणी. जपानमध्ये कोबेच्या कुमा हॉस्पिटलात डॉ. अकिरा मियाउची यांच्या सांगण्यावरून १९९३ पासून एक सेंटिमीटरपर्यंतच्या, कमी धोक्याच्या पॅपिलरी गाठी नुसत्या नजरेखाली ठेवतात. सहा महिन्यांनी सोनोग्राफी, मग वर्षातून एकदा. बाराशेवर रुग्णांत दहा वर्षांत ३ मिलिमीटर किंवा जास्त वाढल्या त्या ८ टक्के, मानेच्या लसिकाग्रंथींत गेल्या त्या ४ टक्क्यांच्या आत. थायरॉइड कॅन्सरने मेलं कोणी नाही. ज्यांची वाढली त्यांचं तेव्हा ऑपरेशन केलं, तेही ठीक आहेत. तरुणांत वाढण्याची शक्यता जास्त, चाळिशीनंतर कमी. वहिनी तेव्हा ४७ च्या होत्या. त्यांना हा पर्याय कोणी सांगितला नाही. अर्धीच ग्रंथी काढता येते, मग दुसऱ्या बाजूच्या पॅराथायरॉइडला हातच लागत नाही, हेही सांगितलं नाही.

डॉक्टर चोर होते असं मी म्हणत नाही. 'कॅन्सर' शब्द कागदावर आल्यावर 'थांबू या' म्हणायला फार मोठं काळीज लागतं, आणि नवरा-भाऊ समोर बसलेले असतात, 'काढून टाका' म्हणत. मीही त्या रिपोर्टांच्या साखळीतलीच एक कडी. चार मिलिमीटरची गाठ लिहिली नाही आणि उद्या काही झालं तर, ही भीती कोणाला चुकलीय?

मार्च २०१४ मध्ये कोरियातल्या काही डॉक्टरांनी जाहीर पत्र लिहून लोकांना सांगितलं, हे थांबवा. वर्षभरात ऑपरेशनं सुमारे ३५ टक्क्यांनी घटली. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१७ मध्ये स्पष्टच सांगितलं, लक्षणं नसलेल्या प्रौढांची थायरॉइड कॅन्सरसाठी तपासणी करू नका. आणि आमच्याकडे नवरात्राची ऑफर!

ज्या अकरा जणींनी नावं दिली त्यांच्यासाठी. थकवा, वजन, पाळीची तक्रार असेल तर टीएसएच करा. ती रक्ताची तपासणी आहे. टीएसएच वरखाली आलं एवढ्यावरून गळ्याची सोनोग्राफी लागत नाही, गळा हाताने तपासून घ्या. गाठ दिसतेय, भराभर वाढतेय, आवाज बसलाय आणि सुटत नाही, गिळताना अडतंय, लहानपणी मानेला रेडिएशन मिळालंय, घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर झालाय, तर माझी ही पोस्ट बाजूला ठेवा आणि आजच दाखवा. उगाच सोनोग्राफी झालीच असेल तर रिपोर्टवर दोन गोष्टी बघा, माप आणि टायरॅड्सचा आकडा (गाठ किती संशयास्पद दिसते त्याची श्रेणी, टीआर-५ सगळ्यात संशयास्पद). टीआर-५ ला साधारण १ सेंटिमीटरपासून सुई, टीआर-४ ला दीड, टीआर-३ ला अडीच. त्याखाली मानेत संशयास्पद लसिकाग्रंथी नसतील तर सुईची घाई नाही. सुई होऊन पॅपिलरी आलाच तर विचारा: गाठ श्वासनलिकेला किंवा आवाजाच्या नसेला चिकटलीय का, आणि नसेल तर बघत थांबता येईल का, अर्धीच काढता येईल का. आणि ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी हे वाचून गोळ्या बंद करू नका, कृपा करून.

हे लिहिता लिहिता ग्रुपवर एवढंच टाकलं: 'बाकीचं करा हवं तर, गळ्याची सोनोग्राफी वगळा.'

वहिनींचा लगेच मेसेज. 'का गं? तीच तर महत्त्वाची.'

तासभर झाला. दोन वेळा उत्तर टाइप करून पुसलंय.