गाबोळीने भरलेली मादी म्हातारी कशी?

एप्रिलमधल्या एका रविवारी माझा भाचा कीपोर्टहून गरवून थेट आमच्या एडिसनच्या घरी आला. कूलरमध्ये त्रेचाळीस इंची स्ट्रायपर, म्हणजे स्ट्राइप्ड बास. शेपूट बाहेर आलेली. न्यू जर्सीत बोनस परवाना सोडला तर माणशी दिवसाला एकच स्ट्रायपर ठेवता येतो आणि तोही २८ ते ३१ इंचांमधला. “हा कसा काय आणलास?” म्हटलं, तर त्याने फोन पुढे केला. “मामा, हे वाच आधी. मोठा मासा ठेवण्यात काही चूक नाही.”

तो मेसेज इथल्या मराठी ग्रुपांवर महिनाभर फिरतोय. मला तीन वेळा आला, तिन्ही वेळा मी गप्प बसलो. आता तो घरात शिरलाय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: रॅरिटन बे माशांनी भरलाय, त्यामुळे ‘स्ट्रायपर कमी झाले’ ही अफवा आहे. मोठी मादी म्हातारी असते, तिची अंडी संपलेली असतात, ती काढली तर लहान माशांना खायला मिळतं. पकडून सोडलेला मासा वाचतोच, म्हणून हवे तितके पकडा. खरं नुकसान मासे विकणाऱ्या होड्या करतात. आणि शेवटी, हे निसर्गाचं चक्र आहे, मासे आपोआप परत येतील.

सुरुवात म्हातारीपासूनच करतो, कारण ह्याच वाक्यामुळे तो मासा कूलरमध्ये गेला.

आम्ही मासा कापला तेव्हा पोटातून हाताएवढ्या लांब दोन गाबोळ्या निघाल्या. माझी आई मालवणची. तिने त्या परातीत ठेवल्या आणि बघतच राहिली. एवढी गाबोळी आपल्याकडे घोळीच्या पोटातही तिने पाहिली नव्हती. भाच्याला मी एवढंच विचारलं, की जिची अंडी संपलीत तिच्या पोटात हे काय आहे? तो काही बोलला नाही.

स्ट्रायपरची मादी साधारण सहाव्या वर्षाच्या सुमारास अंडी घालायला लागते आणि हा मासा तीस वर्षांपर्यंत जगू शकतो. सहा वर्षांची मादी एका हंगामात पाच लाखांच्या आसपास अंडी घालते, पंधरा वर्षांची तीस लाखांवर. म्हणजे एक मोठी मादी मारली की सहा लहान माद्यांचं काम बुडालं. तीस पौंडांवरचे स्ट्रायपर जवळजवळ सगळे माद्याच असतात, त्यामुळे ‘मोठा नर असेल’ ही पळवाटही उरत नाही. कोकणातल्या बायकांना गाबोळीची चव कळते, मलाही कळते. पण एप्रिलमध्ये गाबोळी पोटात घेऊन नदीकडे निघालेली मादी ही पुढच्या पिढीची सगळी पुंजी आहे, आणि तिला ‘अंडी संपलेली’ ठरवून दहा जणांना मेसेज पाठवणं मला अक्षम्य वाटतं.

याच मुद्द्याला जोडून मेसेजमध्ये एक ओळ आहे, की मोठा मासा गरोदर बायकांना चांगला. ही ओळ नुसती चुकीची नाही, धोक्याची आहे. हडसन आणि आसपासच्या खाड्यांच्या गाळात पीसीबी नावाची विषारी रसायनं आहेत, ती माशाच्या चरबीत साठत जातात, आणि मासा जितका जुना तितका साठा जास्त. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी हा मासा खाऊच नये, असा न्यू जर्सी सरकारचाच सल्ला आहे. ज्यांनी ती ओळ कुणाला पाठवली असेल त्यांनी आज त्या घरी फोन करावा.

आता ‘बे भरलाय’. भरलाय, मीही पाहिलाय. रॅरिटन हडसनच्या तोंडाशी आहे. वसंतात अंडी घालायला निघालेले मासे तिथे मेनहेडनच्या मागे गोळा होतात (मेनहेडन म्हणजे आपल्या तारलीसारखा तेलकट मासा). पण लग्नाच्या हॉलमध्ये उभं राहून गावाची वस्ती मोजता येत नाही. वस्ती मोजायची तर पोरं किती जन्मली ते बघावं लागतं, आणि ते काम मेरीलँड राज्य १९५४ पासून करतंय.

किनाऱ्यावरचे बहुतेक स्ट्रायपर चेसापीक बेमध्ये जन्मतात. तिथे दर उन्हाळ्यात तीन फेऱ्या होतात, ठरलेल्या २२ जागी शंभर फुटी जाळं किनाऱ्याकडे ओढतात. छोटी रापणच म्हणा. एका ओढीत त्या वर्षी जन्मलेली सरासरी किती पिल्लं आली, ते लिहून ठेवतात. इतक्या वर्षांची सरासरी ११ च्या आसपास आहे. २०१५ मध्ये आकडा २४ च्या वर होता, २०१८ मध्ये जवळजवळ १५. त्यानंतर २०१९ ला ३.४, २०२० ला २.५, २०२१ ला ३.२, २०२२ ला ३.६, २०२३ ला १.०, २०२४ ला २.०, २०२५ ला ४.०. सलग सात वर्षं पाळणे रिकामे. आज बेमध्ये दिसणारे मोठे मासे २०१५ चे किंवा त्याआधीचे आहेत. त्यांच्या मागून येणारी रांग विरळ आहे. किनाऱ्यावरच्या राज्यांच्या मत्स्य आयोगाने २०२३ मध्ये तातडीने ३१ इंचांची वरची मर्यादा घातली, ती २०१५ च्या त्या पिढीला वाचवण्यासाठीच.

‘सोडलेला वाचतोच’ हे बहुतेक वेळा खरं आहे, सगळ्या वेळा नाही. आयोग धरून चालतो की सोडलेल्यांपैकी नऊ टक्के मरतात. एखाद्या वर्षी किनाऱ्यावर तीन कोटींच्या आसपास स्ट्रायपर सोडले जातात. हिशेब करा, सत्तावीस लाख मेले. उन्हाळ्यातल्या गरम पाण्यात, गळ घशापर्यंत गेल्यावर, किंवा फोटोसाठी मासा कल्ल्यांत बोटं घालून लटकवल्यावर आणखी मरतात. आमिष लावून गरवताना सर्कल हुक (टोक आत वळलेला गोल गळ) सक्तीचा केलाय तो याचसाठी, तो ओठाच्या कोपऱ्यात अडकतो.

होड्यांबद्दल फार लिहीत नाही. न्यू जर्सीत पकडलेला स्ट्रायपर विकताच येत नाही. मेरीलँड, व्हर्जिनिया, मॅसॅच्युसेट्समध्ये विकतात, त्यांना कोटा आहे. पण मासेमारीत एकूण जे स्ट्रायपर मरतात त्यांतले ८५ ते ९० टक्के हौशी गरवणाऱ्यांच्या हातून, म्हणजे तुमच्या-माझ्या हातून. चेसापीकमधून कारखान्यासाठी जो मेनहेडन उपसतात त्यावर मेसेजवाल्याने बोट ठेवलं असतं तर मी त्याच्या बाजूने उभा राहिलो असतो.

राहिलं ‘चक्र’. इथे मला अर्धं मान्य करावं लागतंय. पिल्लं कमी होण्यामागे केवळ मासेमारी नाही. हिवाळे उबदार झाले, वसंतात नद्यांना पुरेसं पाणी येत नाही, आणि पिल्लांना नेमक्या वेळी खाद्य मिळत नाही. ते आपल्या हातात नाही. पण मग आहेत त्या माद्या तरी टिकल्या पाहिजेत, म्हणजे थंड हिवाळ्याचं एखादं चांगलं वर्ष आलं तर अंडी घालायला कुणीतरी असेल. मागच्या वेळीही मासे ‘आपोआप’ आले नव्हते. १९८४ मध्ये अमेरिकेच्या संसदेला कायदा करावा लागला, १९८५ पासून पाच वर्षं मेरीलँडने स्ट्रायपरची मासेमारी पूर्ण बंद ठेवली. तिथल्या कोळ्यांनी ती झळ सोसली, तेव्हा कुठे १९९५ मध्ये साठा सावरल्याचं जाहीर झालं. यावेळी साठा सावरायची मुदत २०२९ ची आहे.

भाच्याने ज्या ग्रुपवरून मेसेज उचलला तिथे त्याने काल परातीतल्या गाबोळीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, “ही म्हातारी नव्हती. मी चुकलो.” पाठोपाठ त्याने मोजपट्टीवर ३१ इंचांपाशी लाल चिकटपट्टी लावली.