सेंद्रिय बिअर आणि पंचगंगा : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुम्ही लिहिलंय, ‘इकडं मळीनं पंचगंगा काळी पडते, मासे मरतात आणि तुम्ही सेंद्रिय बिअरचं कौतुक करता. सेंद्रिय म्हटलं की दारू पवित्र होते का?’

नाही होत. जव सेंद्रिय असो नाहीतर साधा, अल्कोहोल तेच आणि यकृताला त्रासही तोच. ज्याला सोडायची आहे त्यानं जरूर सोडावी.

पण साखर कारखान्याच्या मळीचं पाप बिअरच्या माथी मारू नका. मळीपासून अल्कोहोल गाळताना लिटरमागं 8 ते 15 लिटर स्पेंट वॉश, म्हणजे उरलेलं घाण सांडपाणी, निघतो आणि त्याचा सीओडी (पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाईल त्याचं माप) लिटरला लाख मिलिग्रॅमच्या घरात असतो. बिअर नुसती आंबवतात, वाफ करून गाळत नाहीत. तिच्या सांडपाण्याचा सीओडी साधारण 2 ते 6 हजार. तेही शुद्ध न करता ओढ्यात सोडणं चूकच.

माझं खरं म्हणणं वेगळं आहे. सेंद्रियचा शिक्का शेतात काय फवारलं, पुढं काय मिसळलं एवढंच सांगतो. पाणी किती गेलं, ते सांगत नाही. चांगल्या मोठ्या ब्रुअऱ्या लिटरभर बिअर 4 लिटरच्या आसपास पाण्यात बनवतात. छोट्या क्राफ्टवाल्यांना 7-8 लिटर सहज लागतं. शिवाय हॉप्स, म्हणजे बिअरला कडवट चव देणारी फुलं, जवळजवळ सगळे परदेशातून येतात, त्यामुळं ‘स्थानिक’ म्हणून मिरवणंही जपूनच.

आपल्या कोल्हापूरच्या कामाचा आहे तो चोथा. माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, गोड रस काढून घेतल्यावर खाली उरतो, हातात घेतला तर कोमट, ओलाकच्च, भाजक्या धान्याच्या वासाचा. 100 लिटर बिअरमागं 20 किलोच्या आसपास. साखर गेलेली, पण सुक्या वजनात प्रथिनं 20 टक्क्यांच्या वर. दुभत्या म्हशीला झकास खाद्य. फक्त उन्हाळ्यात एक-दोन दिवसांत आंबतो, बुरशी धरतो आणि बुरशीचं विष थेट दुधात उतरतं. म्हणून त्याच दिवशी ताजा गोठ्यात पोचला पाहिजे. गुऱ्हाळावर चिपाड वाळवून चुलवाणात घालणाऱ्या जिल्ह्याला ही शिस्त नवीन नाही.

ग्राहकानं काय बघायचं, हेही तुम्ही विचारलंत. लेबल बाजूला ठेवा. चोथा कुठं जातो, लिटरमागं पाणी किती लागतं, बाटल्या धुऊन परत भरता का, हे तोंडावर विचारा. उत्तर देता आलं नाही, तर त्या बिअरला मीही पर्यावरणपूरक म्हणणार नाही.