नायट्रो गाडी भंगारात घालू नका, आणि सहा सेलचा हट्टही धरू नका

रिमोटवरचा नायट्रो, म्हणजे मिथेनॉल-नायट्रोमिथेनच्या इंधनावर पळणारा, मॉन्स्टर ट्रक माळ्यावर धूळ खात पडला असेल तर तो मिळेल त्या भावात कुणाला देऊन टाकू नका. इंजिन गेलं म्हणजे गाडी गेली, असं नसतं. टी-मॅक्स असो नाहीतर सॅव्हेज (दोन्ही नायट्रो ट्रकांची मॉडेलं), त्यांचा सांगाडा, शॉक, आर्म, डिफरन्शियल हे सगळं दणकट काम आहे. त्यात ब्रशलेस (आत घासणारे ब्रश नसलेली विजेची) मोटर बसवली की तीच गाडी पुन्हा उड्या मारायला लागते. माझी सॅव्हेज आज विजेवर पळते, म्हणून हे छातीठोकपणे सांगतोय.

पण याच्या जोडीला दुसरीही गोष्ट तितक्याच ठामपणे सांगायची आहे. कन्व्हर्जन करणारी, म्हणजे नायट्रो गाडी विजेवर आणणारी, आपली पोरं पहिला प्रश्न विचारतात तो वेगाचा. "किती पळंल? सहा सेल टाकलं तर शंभर जाईल का?" (सेल म्हणजे बॅटरीतला एकेक घटक, ते वाढले की व्होल्ट वाढतात.) माझं म्हणणं असं की कन्व्हर्जन वेगासाठी करूच नये. गाडी दर रविवारी बाहेर निघावी, तासभर पळावी आणि धड अवस्थेत घरी यावी, यासाठी करावं. हा हेतू एकदा पक्का झाला की मोटर कुठली, सेल किती, पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा लहान गिअर) किती दातांचा, हे सगळे निर्णय आपोआप वेगळे होतात.

आधी नायट्रोबद्दल, कारण तिचा मान ठेवूनच पुढं बोललं पाहिजे. १९९९ साली टी-मॅक्स आली आणि जगभरच्या पोरांना या गाड्यांचं वेड लागलं. अडीच-साडेतीन सीसीचं एवढंसं टू-स्ट्रोक इंजिन, पण मिनिटाला तीस हजारांच्या वर फेरे घेतं. त्यात स्पार्क प्लग नसतोच. ग्लो प्लगमधली प्लॅटिनमची बारीक कॉइल सुरुवातीला इग्नायटरनं तापवायची. एकदा इंजिन धरलं की इग्नायटर काढून घ्यायचा. पुढं मिथेनॉल आणि प्लॅटिनम यांच्या क्रियेनं आणि जळणाच्या उष्णतेनं ती कॉइल लाल राहते. पितळी स्लीव्हवर क्रोम, आत ॲल्युमिनियमचा पिस्टन, रिंग नाहीच. वर जाता जाता स्लीव्ह किंचित निमुळती होत जाते आणि त्या चिमटीवर सगळं कॉम्प्रेशन उभं असतं. ज्यानं हे इंजिन हातात घेऊन फिरवलंय त्याला ती चिमट बोटाला कळते. इतक्या लहान आकारात इतकं नेमकं काम बघून मला आजही भारी वाटतं.

पण हे इंजिन आपल्या हवेत सांभाळणं म्हणजे रोजची झटापट. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. एप्रिलात कोरडं ऊन, जुलैत आठ-आठ दिवस हवेतला ओलावा हटत नाही. एप्रिलात बसवलेली कार्बोरेटरची सुई जुलैत चालत नाही. जरा लीन झालं, म्हणजे इंधन कमी पडलं, की इंजिन तापतं, रिच झालं, म्हणजे इंधन जास्त झालं, की धूर सोडत गुदमरतं. शंभर ते सव्वाशे अंशांच्या आसपास तापमान धरून ठेवायचं म्हणजे सतत इन्फ्रारेड थर्मामीटर हातात. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पळवून झाल्यावर इंजिनात आफ्टर-रन तेल (गंज रोखणारं) न टाकता गाडी ठेवली की आतल्या बेअरिंगला गंज चढलाच. त्यात आपली तांबडी माती. एअर फिल्टरचा फोम जरा कोरडा राहिला तर ती बारीक धूळ थेट स्लीव्हमध्ये, आणि मग ती चिमट गेली ती गेलीच.

इंधन हा तर वेगळाच विषय. नायट्रोमिथेन मिसळलेलं इंधन किराणा दुकानात मिळत नाही, ज्वलनशील म्हणून कुरिअरवाला हात लावत नाही. मिथेनॉल विषारी. शिवाय त्याची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. घरात लहान मुलं असताना असला डबा ठेवायला माझ्या मनाची तयारी नव्हती. आणि आवाज! पेठेतल्या गल्लीत रविवारी सकाळी नायट्रो सुरू केली की समोरच्या काकू गॅलरीत येणारच. त्यांचं काही चुकत नाही. दहावीच्या परीक्षा चालू असताना आपण असला कर्कश आवाज काढणं शोभत नाही.

आवाज गेला, एरंडेलाचा वास गेला, धूर गेला, हे नुकसान आहे. नायट्रोवाले मित्र "जीवच काढून घेतलास गाडीचा" म्हणतात तेव्हा मला त्यांचं दुःख कळतं. पण जी गाडी वर्षातनं एकदा कशीबशी सुरू होते, तिच्यापेक्षा हाक मारताच पळणारी गाडी मला जास्त जिवंत वाटते.

आता मुख्य मुद्द्याकडं येतो. कन्व्हर्जन म्हणजे इंजिन काढलं, मोटर बसवली, वायरी जोडल्या, एवढंच नव्हे. नायट्रो गाडीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये सेंट्रिफ्युगल क्लच असतो. फेरे वाढले की क्लच शू बाहेर फेकले जातात, बेलला घासतात, घसरत घसरत पकड घेतात. त्यात लहान इंजिनाला खालच्या फेऱ्यांत ताकद कमीच. म्हणजे गाडी उचलताना गिअरवर येणारा दणका हे दोघं मिळून मऊ करतात. तो क्लच म्हणजे त्या गाडीचा फ्यूज होता, आणि कन्व्हर्जनमध्ये आपण तोच काढून टाकतो. ब्रशलेस मोटरचा सगळ्यात जास्त टॉर्क शून्य फेऱ्यांपासून मिळतो. ट्रिगर दाबला की सगळा जोर त्याच क्षणी स्परच्या (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) दातांवर, डिफच्या (डिफरन्शियलच्या) बेव्हल गिअरवर, डॉगबोनच्या (चाकाला फिरवणारा दांडा) पिनांवर. म्हणून विजेवर केलेल्या गाड्या पहिल्याच आठवड्यात डिफ फोडून बसतात आणि मालक म्हणतो, "नायट्रोचे पार्ट कच्चे असतात." पार्ट कच्चे नसतात. ज्या दणक्यासाठी ते बनलेच नव्हते तो त्यांना दिला जातो.

यावर इलाज आहे. काढलेला फ्यूज दुसरीकडं परत बसवायचा. सॅव्हेजमध्ये स्पर गिअरवरच स्लिपर, म्हणजे जोर फार झाला की घसरणारा क्लच, असतो. नायट्रोत बरेच जण तो करकचून आवळतात, विजेवर तसं करू नका. थांबलेल्या गाडीला एकदम पूर्ण थ्रॉटल दिला की फूटभर तरी स्लिपर घसरल्याचा बारीक 'झ्झिप' ऐकू आला पाहिजे. दुसरं, ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) प्रोग्रॅममधलं पंच सेटिंग (ट्रिगर दाबताच किती झटका द्यायचा ते) अगदी खालच्या पायरीवर ठेवून सुरुवात करा. तिसरं म्हणजे मोटर आणि सेल यांचं गणित, आणि माझा सगळा जोर इथंच आहे.

मोटरवर केव्ही लिहिलेलं असतं. केव्ही गुणिले व्होल्ट म्हणजे भार नसताना मिनिटाला होणारे फेरे. २२०० केव्हीची मोटर चार सेलच्या लायपोवर (लिथियम-पॉलिमर बॅटरीवर), म्हणजे १४.८ व्होल्टवर, ३२,५६० फेरे घेते. म्हणजे नायट्रो इंजिन जिथपर्यंत जात होतं जवळपास तिथंच. गिअर, बेअरिंग, शाफ्ट ज्या फेऱ्यांसाठी बनले त्याच मर्यादेत राहिले. तीच मोटर सहा सेलवर, २२.२ व्होल्टवर लावली तर ४८,८४०. बऱ्याच मोटरींची मर्यादा पन्नास हजारांच्या आसपास असते, म्हणजे तुम्ही पहिल्या दिवसापासून काठावर उभे. आणि पाच किलोची गाडी ताशी ४० ऐवजी ८० नं आपटली तर धक्क्यातली ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. गांधी मैदानावर बाजूला पोरं क्रिकेट खेळत असतात. पाच किलोचं धूड त्या वेगानं कुणाच्या नडगीवर गेलं तर काय होईल, याचा विचार ट्रिगर दाबायच्या आधी व्हावा.

सहा सेलच लावायचे असतील तर कमी केव्हीची मोटर घ्या, फेरे आटोक्यात राहतील. त्याला माझी हरकत नाही. जास्त व्होल्ट म्हणजे तेवढ्याच ताकदीसाठी कमी अँपिअर, वायरी कमी तापतात, हे खरंच आहे. हरकत आहे ती फक्त आकडा मोठा दिसावा म्हणून सेल वाढवण्याला.

टू-स्पीड गिअरबॉक्सची विजेवर गरज उरत नाही. इंजिनाची ताकद एका अरुंद पट्ट्यातच मिळते म्हणून तिथं दुसरा गिअर लागायचा, इथं एकाच गिअरवर लॉक करून टाका. टी-मॅक्समध्ये रिव्हर्सची वेगळी यंत्रणा आणि ती हलवायला वेगळा सर्व्हो (रिमोटच्या इशाऱ्यावर दांडा हलवणारी छोटी मोटर) असतो. ईएससी स्वतःच रिव्हर्स देतो, ब्रेकही तोच मारतो, त्यामुळं ते दोन्ही आणि थ्रॉटलचा सर्व्हो काढता येतात. तेवढं वजन कमी आणि बिघडायच्या जागाही कमी.

आता मोटर बसवायची कशावर? बाहेरनं तयार माउंट मागवता येतो, पण त्याचं भाडं, ड्युटी आणि वाट बघणं. आणि आपण राहतो कुठं? उद्यमनगर असलेल्या गावात! ज्या गावानं ऑइल इंजिनं बनवून शेतकऱ्याला दिली, जिथल्या फौंड्रीतलं कास्टिंग देशभर जातं, त्या गावातल्या माणसानं ॲल्युमिनियमच्या एका पट्टीसाठी परदेशाकडं बघावं, हे मला पटत नाही.

मी कागदावर ड्रॉइंग काढून उद्यमनगरात एका मेस्त्रींकडं गेलो. वयस्कर माणूस, चष्मा कपाळावर. गाडी हातात घेऊन चाकं फिरवून बघितली, स्परवर बोट फिरवलं आणि माझ्या ड्रॉइंगमधल्या तीन एमएमवर बोट ठेवून म्हणाले, "मोटर तापणार न्हवं? मग पत्रा कशाला घालताय? सहाची प्लेट घ्या, उष्णता वडून घील." एका वाक्यात माउंटचा हीटसिंक झाला. मग म्हणाले, "स्क्रूची भोकं गोल नको, लांबट करू. पिनियन बदलला तर मोटर म्हागं-फुडं सरकाय पायजे." प्लेट मिलिंगवर घेतली, बोअर केला, आणि डायल लावून मोटरचा शाफ्ट आणि स्परचा शाफ्ट समांतर आहेत का ते दोनदा तपासलं. मी म्हटलं, "मामा, खेळण्यातली गाडी आहे." त्यांनी मान वर न करता सांगितलं, "दात खेळण्यातलं असू दे न्हाईतर ट्रकातलं, तिरकं बसलं की खातंच."

ती प्लेट आजही तशीच आहे. मोटर पाच-सात मिनिटं जोरात पळवून थांबवली की प्लेटला हात लावून कळतं किती उष्णता ओढून घेतलीय ती. तरीही थर्मामीटर लावाच. मोटर ऐंशी अंशांच्या वर जात असेल तर पिनियनचे एक-दोन दात कमी करा. आतले निओडिमियमचे चुंबक फार तापले की कायमचे कमजोर होतात, आणि ते परत ताजे होत नाहीत.

मेश, म्हणजे दोन गिअरच्या दातांची एकमेकांतली बसणी, लावताना वहीच्या कागदाची पट्टी पिनियन आणि स्परच्या मध्ये घालून मोटर दाबायची, स्क्रू आवळायचे, पट्टी काढायची. पट्टीवर वळ्या उमटल्या पाहिजेत पण ती फाटता कामा नये. पिनियनच्या ग्रब स्क्रूला निळं थ्रेडलॉक विसरू नका. गिअर निवडताना मॉड वन (दातांच्या आकाराचं माप) घ्या, त्याच्यापेक्षा बारीक दात या वजनाला टिकत नाहीत.

पैशाचं सांगायचं तर मोटरवर थोडे कमी घाला, पण चार्जर चांगला घ्या. लायपोचा प्रत्येक सेल भरल्यावर ४.२ व्होल्टचा, आणि चार सेल एकसारखे भरले पाहिजेत, त्यासाठी बॅलन्स चार्जिंग. ५००० एमएएचच्या बॅटरीला पाच अँपिअरनं चार्ज करा, घाई नको. ईएससीत लो-व्होल्टेज कटऑफ चालू ठेवा. आठवडाभर गाडी निघणार नसेल तर सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. फुगलेली बॅटरी "अजून चालतीय की" म्हणून वापरू नका. मेच्या उन्हात कारच्या डिकीत तर अजिबात नको. नायट्रोच्या इंधनाला जो धाक होता तोच धाक लायपोलाही हवा. चार्जिंग चालू असताना घराबाहेर जायचं नाही, हा आमच्या घरात कडक नियम आहे.

रिसिव्हरचा फेलसेफही (सिग्नल तुटला की गाडीनं काय करायचं ते) न्यूट्रलला सेट करून ठेवा. नायट्रोत रिसिव्हरची बॅटरी मेली की थ्रॉटल उघडाच राहायचा आणि गाडी बेफाम सुटायची. विजेवर हे सहज टाळता येतं, मग ते टाळायलाच हवं.

बॅटरी जिथं टाकी आणि इंजिन होतं तिथं, पण जितकी खाली बसेल तितकी खाली बसवा. सॅव्हेजच्या दोन उभ्या प्लेटांच्या दोन्ही बाजूंना दोन लहान पॅक टांगले तर वजनाचा तोलही राहतो. उंचावर बांधलेली जड बॅटरी प्रत्येक वळणावर गाडी पालथी करते.

माझ्याकडं सॅव्हेजच्या माउंटचं ड्रॉइंग आहे, मेस्त्रींनी केलेल्या दुरुस्त्यांसकट. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, कुणालाही हवं असेल तर मेसेज करा, पाठवतो. टी-मॅक्सवाल्यांनी आधी सांगाड्यावरची भोकं आणि स्परच्या मध्यापासूनचं अंतर व्हर्नियरनं मोजून घ्या, त्यावरनं नवीन ड्रॉइंग आपण बसून काढू. इंजिन मात्र फेकू नका, तेल घालून कापडात गुंडाळून ठेवा. ज्याला नायट्रोच चालवायचीय अशा कुणाला तरी त्याचे पार्ट नक्की लागतील.