साबुदाण्याची खिचडी वेदकाळातली नाही

आषाढीच्या तोंडावर ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज फिरतोय: 'साबुदाण्याची खिचडी वेदकाळापासून उपवासाला चालते.' हे चूक आहे. साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदापासून बनतो, तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा, शेंगदाणा, मिरचीही अमेरिका खंडांतलीच. १४९८ साली पोर्तुगीज कालिकतला पोहोचले, त्यानंतर ही सगळी इकडे आली. तमिळनाडूतल्या सेलमचे साबुदाण्याचे कारखाने तर १९४०च्या दशकातले. वरी, शिंगाडा, सुरण मात्र खरोखर जुने. माझी आजी एकादशीला वऱ्याचे तांदूळच करायची. खिचडी जरूर खा, आमच्याकडेही होते. पण हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका.